क्लबची शंभरी भरत आलीय : स्मरणिकेत काय घालावं?

वाळूचा_खड्डा (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या गोल्फ क्लबाला लवकरच शंभर वर्षं पूर्ण होतायत. मागे एका वार्षिक सभेत मी "जुन्या वह्या रद्दीत घालू नका" एवढंच बोललो होतो. ते लक्षात ठेवून स्मरणिकेचं घोंगडं माझ्या गळ्यात टाकलंय.

समितीने आराखडा आधीच ठरवलाय. अध्यक्षांचं मनोगत, माजी कप्तानांचे फोटो, चषक विजेत्यांची यादी, जाहिराती, आणि शेवटी 'भविष्याचा वेध' म्हणून एक पान. त्या पानावर नव्या क्लबहाऊसचं संगणकावर काढलेलं चित्र. चित्रातली माणसं सगळी तरुण आणि सडपातळ आहेत, आम्हा सभासदांपैकी कोणीच ओळखू येत नाही.

असली स्मरणिका कोणी वाचत नाही, आपला फोटो शोधून मिटून ठेवतात. म्हणून जुन्या क्लबांचं वाचायला घेतलं आणि पहिल्याच फटक्याला लीथचा किस्सा हाती लागला. लीथ हे एडिनबराचं बंदर. तिथल्या खेळाडूंच्या विनंतीवरून १७४४ साली शहराने स्पर्धेसाठी चांदीचा एक क्लब, म्हणजे खेळायची काठी, बक्षीस दिली. स्पर्धा म्हटली की नियम आले. त्यांनी लिहिले तेरा, आणि आज उपलब्ध असलेल्या गोल्फच्या नियमांत तेच सर्वात जुने. पहिला नियम असा की होलपासून, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा तिथून, एका काठीच्या अंतरातच पुढचा टी, म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, मांडायचा. म्हणजे ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) आणि टी अशी वेगळी भानगडच नव्हती! दहावा म्हणतो, चेंडू माणसाने, घोड्याने, कुत्र्याने किंवा आणखी कशाने अडवला तर जिथे थांबला तिथूनच खेळा. नियमात घोडा आणि कुत्रा आले, यावरून ती जागा डोळ्यांपुढे उभी राहते.

पहिल्या वर्षीचा विजेता जॉन रॅट्रे हा शस्त्रवैद्य. जिंकला म्हणून तोच कप्तान. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडात जॅकोबाइटांचं, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्यांचं, बंड झालं आणि हा गडी त्यांच्या राजपुत्राच्या फौजेबरोबर जखमींवर उपचार करत फिरला. १७४६ साली कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर पकडला गेला. त्याची मान वाचली ती डंकन फोर्ब्ज या बड्या न्यायाधीशाने रदबदली केली म्हणून. फोर्ब्ज सरकारपक्षाचा, पण गोल्फचा शौकीन आणि रॅट्रेच्या ओळखीतला.

आता सांगा, हे वाचल्यावर 'चषक विजेत्यांची यादी' कशी छापू? तुमच्या क्लबांनी, संस्थांनी असं काही केलं असेल तर लिहा. काय घालावं आणि, त्याहून अवघड, काय वगळू नये?

आळशी_ससा

सध्या रुमाल टाकून ठेवतो. बाकी शीर्षक बदला हो. शंभरी भरते ती शिशुपालाची. (हलके घ्या.)

वाळूचा_खड्डा

मुद्दामच तसं ठेवलंय. आमच्या समितीची बैठक बघितलीत तर पटेल.

हिरवळीवरचा

मी खेळाडू नाही. तीस वर्षं मैदान राखण्यात गेली, आता निवृत्त. तुमच्या यादीत कप्तान आहेत, विजेते आहेत, मैदानच नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूज गावचे ओल्ड टॉम मॉरिस सगळ्यांना ठाऊक असतात ते चार वेळा ओपन, म्हणजे ब्रिटनमधली सर्वात मोठी स्पर्धा, जिंकलेले म्हणून. आम्ही लोक त्यांना मानतो ते वाळूसाठी. १८६०च्या दशकात प्रेस्टविकच्या मैदानावरची नोकरी सोडून परत आल्यावर गावचं जुनं मैदान, ओल्ड कोर्स, त्यांच्या हाती आलं तेव्हा ग्रीन खडबडीत होती. त्यांनी वाळू टाकायला सुरुवात केली आणि मग टाकतच राहिले. 'अजून वाळू' हा त्यांचा मंत्रच झाला होता. वाळूने खाचखळगे भरतात, पाणी मुरतं, गवताची मुळं खोल जातात. आज कुठल्याही ग्रीनवर वाळू पसरून ब्रशने आत घालतात ती तीच पद्धत. सभासद कुरकुरतात, "ऐन स्पर्धेच्या तोंडावर काय हे!" त्या काळी कुरकुरले नसतील असं समजू नका.

दुसरी गोष्ट होलची. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. कुठून आला? एडिनबराजवळच्या मसलबरोला १८२९ सालचं भोक पाडायचं एक यंत्र आहे, त्याचा तोच माप. १८९३ साली तो सगळ्यांसाठी ठरला. त्यामागे गणित वगैरे काही नाही. हाताशी असलेल्या अवजाराचा माप जगाने उचलला.

आणि हे भोक रोज नवं पाडावं लागतं, हे किती खेळाडूंना माहीत असतं? पहाटे दव असतानाच निघायचं. कटर सरळ धरून दाबायचा, फिरवायचा, मातीचा लांबट गोळा अलगद उचलायचा. कालच्या भोकातला कप काढून नव्यात बसवायचा, कडेपासून इंचभर तरी खाली. मग तो गोळा कालच्या भोकात. तो कणभर वर राहिला तर यंत्र त्याची हजामत करतं आणि पिवळा चट्टा पडतो. खाली राहिला तर कोणाचा तरी पट, म्हणजे ग्रीनवर होलकडे मारलेला हलका फटका, तिथे डुगडुगतो आणि शिव्या आपल्याला. गोळा बसवल्यावर मी अंगठ्याने कडेकडेने चाचपून बघायचो. डोळा फसतो, अंगठा फसत नाही. एकेका ग्रीनला वर्षाकाठी शेकड्यांनी अशी भोकं. शंभर वर्षांत तुमच्या ग्रीनचा असा इंच नसेल जो कोणीतरी उचलून पुन्हा बसवलेला नाही. पण त्या माणसांचा फोटो तुमच्याकडे नसणार, पैजेवर सांगतो.

वाळूचा_खड्डा

दंडवत. पैज हरलो. आत्ताच अल्बम चाळला. एका फोटोत मागे रोलर ओढणारा माणूस आहे, तोही अर्धा कापलेला. पुढे कप्तान चषक घेऊन उभे.

डावखुरी

बरा धागा आहे, म्हणून काडी टाकतेच.

स्मरणिकेत एक तारीख ठळक छापा : तुमच्या क्लबात बाईला मतदानाचा हक्क कधी मिळाला? 'महिला पहिल्यापासून खेळत होत्या' हे पळवाटेचं वाक्य लिहू नका. खेळत होत्याच. मसलबरोच्या कोळणींसाठी १८११च्या नववर्षाला स्पर्धा ठेवली होती. बक्षीस मासे वाहायची नवी टोपली, शिवाय रेशमी रुमाल. सेंट अँड्र्यूजला बायकांचा पटिंग क्लब १८६७ पासून आहे. फक्त पटिंग का, तर बाईने काठी खांद्याच्या वर नेणं शोभत नाही अशी तेव्हाची समजूत! ती चढउतारांची हिरवळ आज 'हिमालयाज' म्हणून ओळखली जाते आणि तिथे खेळायला मजा येते, हे मात्र कबूल.

पण सभासदत्व? सेंट अँड्र्यूजला १७५४ साली स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना दार उघडलं सप्टेंबर २०१४ मध्ये. दोनशे साठ वर्षं! अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने २०१२ मध्ये. आणि तुम्ही ज्या लीथच्या मंडळींचं कौतुक केलंत, त्यांचाच क्लब आज म्युअरफील्डला आहे. तिथे २०१६ साली मतदान झालं आणि दोनतृतीयांशाची अट पुरी झाली नाही म्हणून ठराव पडला. ओपनच्या यजमानांच्या यादीतून नाव कटल्यावर २०१७ साली पुन्हा मतदान, आणि मग ऐंशी टक्क्यांनी मंजूर. दहा महिन्यांत एवढ्या लोकांचं हृदयपरिवर्तन झालं, चमत्कारच म्हणायचा. २०२२ साली त्याच म्युअरफील्डवर बायकांची ओपन झाली आणि अ‍ॅशली बुहाय प्ले-ऑफमध्ये जिंकली. संध्याकाळ जवळजवळ अंधारात गेली होती. मी तेव्हा टीव्हीपुढे उभी राहूनच पाहत होते.

मी ज्या क्लबात शिकले (नाव सांगत नाही) तिथे आम्ही 'संलग्न' होतो. वर्गणी भरायची, पण शनिवारी सकाळी टी पुरुषांसाठी राखीव. कारण काय, तर पुरुष आठवडाभर नोकरी करतात. मीही करत होते. अकरा वाजेपर्यंत सरावाच्या जाळीत चेंडू मारत बसायचं. एकदा सचिवांना विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय? ते म्हणाले, "लिहायची गरजच पडली नाही."

जुनी_वही

डावखुरी, शेवटचं वाक्य जबरी. धागाकर्ते, म्हणूनच नुसती घटना आणि नियमावली वाचू नका, सूचनाफलकाच्या नोंदी आणि तक्रारवही शोधा. इतिवृत्तात 'चर्चा होऊन ठराव संमत' एवढंच असतं. तक्रारवहीत माणसं बोलतात.

शंकेखोर

सगळं रम्य आहे. पण एक बाहेरचा म्हणून विचारतो. शंभर वर्षं एवढी मोठी जागा काही मोजक्या लोकांनी अडवली, यात साजरं करण्यासारखं काय? आणि पुढच्या शंभर वर्षांचं म्हणाल तर पाणी कुठून आणणार? २०२२च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये दुष्काळ होता, घरच्या बागांना पाणी घालायला बंदी, पण गोल्फच्या ग्रीनना सूट. तेव्हा तुलूजजवळ कार्यकर्त्यांनी रातोरात होलमध्ये सिमेंट भरलं. कृती चूक की बरोबर ते सोडा. लोकांना राग का येतो, हे तुमच्या 'भविष्याचा वेध' पानावर येणार आहे का?

तसंही १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होतीच. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हे करत बसतात म्हणून. मला ती संसद समंजस वाटते.

जुनी_वही

शंकेखोर, बंदीचं खरं आहे. पण ती १४७१ आणि १४९१ साली पुन्हा घालावी लागली, यातच काय ते समजा. आणि १५०२ साली राजा चौथा जेम्स याने स्वतःच पर्थच्या धनुष्य बनवणाऱ्याकडून काठ्या विकत घेतल्या. :)

जमिनीचं म्हणाल तर, मैदान म्हणजे कुंपण हे समीकरण मुळात नव्हतं. हा खेळ वाढला तो समुद्रकाठच्या वाळवंटी पट्ट्यावर, जिथे नांगर चालत नव्हता. तिथे मेंढ्या चरायच्या, बायका कपडे वाळत घालायच्या, सैनिक कवायत करायचे. लीथच्या तेराव्या नियमात सैनिकांच्या चरांचा उल्लेख आहे तो त्यामुळेच. सेंट अँड्र्यूजची जमीन गावाची. १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती विकली, आणि पुढे तिथे सशांचा धंदा सुरू झाला. सशांनी फेअरवेची, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याची, चाळण केली. गोल्फर विरुद्ध ससेवाले असा तंटा वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत चालला. अखेर १८२१ साली जेम्स चीप नावाच्या गोल्फवेड्या जमीनदाराने जागा घेतली आणि खेळ वाचला. १८९४ साली ती परत गावाकडे आली. १९७४ पासून एक विश्वस्त संस्था ती सांभाळते. रॉयल अँड एन्शंटची देखणी इमारत पहिल्या टीच्या मागे आहे, पण मैदान त्या क्लबच्या मालकीचं नाही. तिथे कोणीही सोडतीत नाव घालून खेळू शकतो. आणि रविवारी ओल्ड कोर्स बंद. म्हणजे खेळ बंद, लोक कुत्री घेऊन फेअरवेवरून फिरायला मोकळे.

आळशी_ससा

आमच्या पूर्वजांची बाजू कोणी मांडणार आहे का? नोंद घ्यावी : जागा रीतसर मोबदला देऊन घेतली होती.

शंकेखोर

हे सशांचं माहीत नव्हतं. पण तुम्ही सगळ्यात चांगलं उदाहरण दिलंत आणि बाकीच्या हजारो क्लबांचं झाकलंत. माझा मुद्दा तसाच आहे, फक्त आता मला रविवारची कल्पना आवडलीय. धागाकर्ते, तुमचा क्लब आठवड्यातून एक दिवस फाटक उघडेल?

वाळूचा_खड्डा

समितीपुढे ठेवतो. कोणाचा चेहरा कसा होईल ते आत्ताच दिसतंय.

हिरवळीवरचा

पाण्याबद्दल शंकेखोर यांच्याशी बराचसा सहमत. आमच्याच लोकांनी सवय लावली. टीव्हीवर हिरवागार गालिचा दिसला की सभासदांना तसाच हवा. वास्तविक पाणी लागतं ते प्रामुख्याने ग्रीन आणि टीला, आणि ते क्षेत्र एकूण जागेत अगदी थोडं. फेअरवे उन्हाळ्यात तांबूस झाला तर झाला. जुन्या किनारी मैदानांवरचं बारीक पात्याचं फेस्क्यू गवत कमी पाण्यावर, कमी खतावर तगतं आणि चेंडूही छान पळतो. रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, कापणं थांबवा, पक्षी आपोआप येतात.

भविष्य म्हटलं की मला माँट्रोज आठवतं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं फार जुनं मैदान. समुद्र वाळूच्या टेकड्या खात खात आत येतोय, टी मागे घ्यावे लागलेत. तिथल्या मंडळींना 'भविष्याचा वेध' इमारतीच्या चित्रात शोधावा लागत नाही.

आणि लोक घाबरतात कशाला? नऊ होलच्या स्पर्धा ठेवा म्हटलं की ज्येष्ठ सभासद म्हणतात, परंपरा मोडली. कुठली परंपरा? लीथला पाच होल होती. प्रेस्टविकला बारा, आणि १८६० सालची पहिली ओपन तिथे आठ जणांनी बाराच्या तीन फेऱ्या करून एका दिवसात उरकली. सेंट अँड्र्यूजला फेरी बावीस होलची होती. १७६४ साली चार होलची दोन केली, जाताना दोन कमी, येताना तीच दोन कमी, झाले अठरा. अठरा हा आकडा आकाशातून पडलेला नाही.

डावखुरी

+१. चेंडूचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी चेंडू कमी लांब जावा म्हणून चाचणी कडक करायचं जाहीर केलं, तर आमच्या ग्रुपवर जणू घरदार जप्त झालं. मी त्यांना पिसांच्या चेंडूची गोष्ट सांगितली. टोपीभर पिसं उकळून मऊ करायची, चामड्याच्या ओल्या पिशवीत कोंबायची, छातीचा भार देऊन, आणि शिवून टाकायची. सुकताना चामडं आकसतं, पिसं फुगतात, चेंडू दगडासारखा. दिवसभरात हुशार कारागिराचे तीन-चार व्हायचे. १८४८च्या सुमारास झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला आणि हा धंदा बसला. अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्यातला मोठा कारागीर. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळताना दिसला म्हणून दोघांचं वाजलं, आणि टॉम प्रेस्टविकला गेला. तिथे गेला म्हणून पुढची ओपन वगैरे. एका चेंडूपायी!

पिशवी_खांद्यावर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय.

माझे वडील कॅडी होते, म्हणजे खेळाडूंची काठ्यांची पिशवी वाहायचे. चाळीस वर्षं. त्यांना प्रत्येक ग्रीनचा उतार पाठ होता, कुठल्या साहेबाचा चेंडू वाऱ्यात कुठे वळतो तेही. साहेबांचं नाव सोनेरी अक्षरांत लाकडी पाटीवर आहे, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा पिशवी वडिलांकडे होती. तिसऱ्या वेळी शेवटच्या होलवर साहेब लांबच्या काठीला हात घालत होते, वडिलांनी पिशवी जरा वळवून धरली. म्हणजे ती काठी हाताला लागू नये. साहेबांनी छोटी घेतली, चेंडू ग्रीनवर राहिला. हे वडिलांनी मला सांगितलं ते हसत हसत, आणि म्हणाले, कोणाला बोलू नकोस.

क्लबहाऊसात त्यांना मागच्या दारापर्यंतच जाता यायचं. सोमवारी क्लब बंद, तेव्हा कॅडी खेळायचे, टाकलेल्या काठ्या घेऊन. वडिलांचा खेळ साहेबांपेक्षा चांगला होता असं त्यांचे मित्र सांगायचे.

गोल्फचा इतिहास कॅडींनी भरलेला आहे. १९१३ साली यूएस ओपनमध्ये व्हार्डन आणि रे या दोन दिग्गजांना हरवणारा फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा पोरगा त्याच मैदानावर कॅडी होता. घर रस्त्याच्या पलीकडे. त्याची पिशवी वाहणारा एडी लोरी तर दहा वर्षांचा. विमेट पुढे रॉयल अँड एन्शंटचा कप्तान झाला. पण असा एखादाच.

धागाकर्ते, पगारपत्रकं असतील तर त्यात नावं मिळतील. अंगठे असले तर अंगठे छापा.

जुनी_वही

पिशवी_खांद्यावर, लिहिलंत ते बरं केलंत. आणखी काही लिहीत नाही.

वाळूचा_खड्डा

उशिरा येतोय, कारण चार शनिवार क्लबच्या माळ्यावर गेले. कसर, झुरळं, एक मोडका ट्रॉफीस्टँड आणि तीन पेट्या.

पगारपत्रकं मिळाली. सलग नाहीत, पण बावीस वर्षांची आहेत. कॅडींची एकशे चाळीसच्या वर नावं, निम्म्यांपुढे अंगठे. सगळी छापतोय, त्याच टाइपात ज्यात कप्तानांची आहेत. यावर बैठकीत दीड तास गेला. महिलांच्या मतदानाची तारीखही सापडली. क्लब स्थापन झाल्यावर एकसष्ट वर्षांनी. ती पहिल्या पानावर येणार नाही, पण येणार. रविवारच्या फाटकाला 'अभ्यासगट' मिळालाय, म्हणजे काय ते शंकेखोर समजून घेतील.

सगळ्यात खाली हेडमाळ्याची वही निघाली. पेन्सिलीने लिहिलेली, रोज एक ओळ. 'चौथा, भोक हलवलं.' 'अकरावा, किडे.' आणि दर थोड्या दिवसांनी नुसतं 'सातवा, वाळू.' हिरवळीवरचा, तुमची आठवण आली. एवढी वाळू एकट्या सातव्याला का?

हिरवळीवरचा

कुठल्या महिन्यांत जास्त लिहिलंय ते बघून सांगा. पाऊस संपल्यानंतर का? आणि ग्रीनवर टाकायचा की मागच्या अंगाला?

वाळूचा_खड्डा

पावसानंतरच, दरवर्षी. 'मागच्या अंगाला, पाणी उभं' असं तीन ठिकाणी स्पष्ट आहे. एका वर्षी 'चर खणला, परत भरला'.

हिरवळीवरचा

मग तिथे खालून पाणी येतंय, वाळूने ते नुसतं झाकलं जात होतं. जुना नाला बुजवलेला असणार. त्या भागात काही बांधायचा विचार नाही ना?

वाळूचा_खड्डा

आत्ता 'भविष्याचा वेध'चं पान काढून बघितलं. नवं क्लबहाऊस सातव्याच्या मागेच दाखवलंय. वही घेऊन अध्यक्षांकडे निघालोय.